नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल आणि कॅल्टेक्सची नोकरी

मुरगूड : वार्षिक परीक्षा संपून उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न हमखास विचारला जातो. या वर्षीही एका मातेने तो विचारला. "फादर, पोरगा फुटबॉल चांगला खेळतो. अभ्यासात मन लागत नाही त्याचं. खेळातच पुढं गेला, तर पोट भरंल का त्याचं?"

प्रश्न नवा नाही. मुरगूड आणि कागलच्या परिसरात मागच्या पिढ्यांनी तो कुस्तीबद्दल विचारला होता, आणि त्याचे उत्तरही येथील लोकांना ठाऊक होते. पैलवानाचा खुराक मोठा, त्याची उमेद मात्र उणीपुरी दहा-बारा वर्षांची. तेवढ्या काळात मैदानावरचे इनाम, गावाची वर्गणी आणि एखाद्या आश्रयदात्याचा हात यांवर त्याचे चालायचे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. संस्थाने गेल्यावर तो आश्रय पोलीस खाते, रेल्वे, सैन्य आणि पुढे साखर कारखाने यांच्या नोकऱ्यांमध्ये शोधावा लागला. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकले, त्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, ही हकिकत आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळाली ती १९५५ साली.

फुटबॉलपटूंच्या बाबतीत अशी हकिकत आपल्याला चटकन आठवत नाही. म्हणून या मातेच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, तो खेळ आपल्या देशात ज्याने सर्वोत्तम खेळून दाखवला अशा एका माणसाचा जीवनक्रम वाचकांपुढे ठेवतो. त्याचे नाव नेव्हिल स्टीफन डिसोझा. मुंबईत खेळलेल्या या गोवेकराचे नाव आज आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

दि. १ डिसेंबर १९५६. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ऑलिंपिक स्पर्धेतील फुटबॉलचा उपांत्यपूर्व सामना सुरू होता. एका बाजूला यजमान ऑस्ट्रेलिया आणि दुसऱ्या बाजूला भारत. नवव्या मिनिटाला भारताचा मधला आघाडीवीर नेव्हिल डिसोझा याने गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि मध्यंतराच्या थोडे आधी मॉरोने ती पुन्हा पुसून काढली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिलचा तिसरा गोल झाला. शेवटी ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल केला आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक नोंदवणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला. त्या दिवशी तो चोवीस वर्षांचा होता.

हे यश किती अनपेक्षित होते, हे समजण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागेल. ज्या हेलसिंकीत खाशाबांनी पदक मिळवले, तेथेच भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला होता. थंडी, ओले मैदान आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. त्याआधी १९४८ साली लंडनमध्ये अनवाणी पायांनी फ्रान्सला झुंजवल्याचे (१-२) कौतुक झाले होते. त्यात दोन पेनल्टी वाया गेल्या, ही गोष्ट त्या कौतुकात झाकून गेली. हेलसिंकीनंतर मात्र बूट सक्तीचे झाले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शिक्षक. त्यांनी संघाची मांडणीच बदलली. हंगेरीच्या संघाने १९५३ साली इंग्लंडला त्यांच्याच वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले, त्या खेळाचा अभ्यास करून रहीमसाहेबांनी लांब फटक्यांऐवजी छोट्या पासवर भर दिला. त्या रचनेत समोर गोल करणारा माणूस हवा होता. नेव्हिल तो माणूस होता.

बार्देशचा खेळ, मुंबईचे मैदान

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. आसगावाच्या शेजारी शिवोली हे गाव आहे. गोव्यात फुटबॉल प्रथम आला तो याच शिवोलीत, १८८३ साली. तेथे आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी मुलांना तो शिकवला. गोव्याच्या फुटबॉलच्या इतिहासात त्यांची नोंद आयरिश धर्मगुरू अशी केली जाते. पुढे त्यांनी हडफडे येथे शाळा काढली आणि खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला. एका धर्मगुरूने लावलेले रोप सत्तर वर्षांनी, शेजारच्या गावच्या मुलाच्या पायांतून, मेलबर्नपर्यंत पोहोचले, याचे मला एक धर्मगुरू म्हणून विशेष अप्रूप वाटते. (आमच्यापैकी काहीजण आजही मुलांच्या खेळाकडे प्रार्थनेतील व्यत्यय म्हणून पाहतात, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.)

गोव्यातील ख्रिस्ती माणूस त्या काळात पोटासाठी मुंबईला येई, आफ्रिकेला जाई किंवा आगबोटीवर चढे. मुंबईत धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत प्रत्येक गावाची ‘कूड’ असे. म्हणजे गावकऱ्यांनी भाड्याने घेतलेली सामायिक खोली, जेथे बोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी आणि वादक आपली पेटी ठेवून राही. या कुडींमधून आणि गोवेकर वस्त्यांतून हॉकी आणि फुटबॉलचे खेळाडू निघत. आझाद मैदान, ओव्हल आणि कूपरेज चालत जाण्याइतके जवळ होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९५५ सालापासून भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील सीमा जवळजवळ बंद झाली होती. भारताचा पोशाख घालून मेलबर्नला उतरलेल्या नेव्हिलचे जन्मगाव त्या वेळी भारतात नव्हते. ते भारतात आले १९६१च्या डिसेंबरात.

कंपनीचा खेळाडू म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नेव्हिलचे पोट कशावर चालत होते?

त्या काळी भारतात फुटबॉल खेळण्याचा पगार अधिकृतपणे कोणालाच मिळत नव्हता. खेळाडू ‘हौशी’ असे. मात्र मुंबईतील मोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी आस्थापना आपापले संघ बाळगत. टाटा, बर्मा-शेल, कॅल्टेक्स, मफतलाल, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बेस्ट ही नावे मैदानावर ऐकू येत. चांगला खेळाडू दिसला की त्याला कंपनीत नोकरी दिली जाई. हजेरीपटावर त्याचे नाव असे, पगार कारकुनाचा किंवा त्याहून थोडा अधिक. सकाळी कचेरी, दुपारनंतर सरावाला जाण्याची मुभा, आणि स्पर्धेच्या दिवसांत भरपगारी रजा. गोल केला म्हणून पगार वाढत नसे, गोल चुकला म्हणून नोकरीही जात नसे. खेळ थांबल्यावर तोच माणूस त्याच टेबलावर निवृत्तीपर्यंत बसत असे, आणि निवृत्तीनंतर त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळत असे.

नेव्हिल हा कॅल्टेक्स या अमेरिकन तेल कंपनीच्या संघातून खेळला. या संघाचे सर्वांत मोठे यश १९५८ सालचे. त्या वर्षी कॅल्टेक्सने मोहन बागानला हरवून रोव्हर्स चषक जिंकला. रोव्हर्स ही १८९१ साली सुरू झालेली जुनी स्पर्धा. कूपरेजवर ती पाहण्यासाठी गिरण्यांतले कामगार, कचेऱ्यांतले बाबू आणि गोवेकर वस्त्यांतली मंडळी एकाच बाकड्यावर बसत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रहीमसाहेबांच्याच हैदराबाद पोलीस संघाने तो चषक आपल्याकडे ठेवला होता. तेल विकणाऱ्या एका कंपनीच्या संघाने तो मुंबईत ठेवला, याचे त्या काळात किती अप्रूप वाटले असेल याची कल्पना करता येते. राज्यांमध्ये खेळल्या जाणाऱ्या संतोष करंडकावर मुंबईने आपले नाव प्रथम कोरले तेही याच दशकात, १९५४ साली.

डब्लिनची एक तुलना

याच काळात युरोपात फुटबॉल हा उघडपणे पगाराचा धंदा होता. तेथील खेळाडू आपल्या नेव्हिलपेक्षा सुखी होता का, हे पाहण्यासाठी एका आयरिश खेळाडूकडे वळू. आयर्लंड हा आपल्या गोव्यासारखाच, मुलांना पोटासाठी दूर पाठवणारा कॅथलिक मुलूख. म्हणून ही तुलना मला जवळची वाटते.

जॅकी कॅरी हा १९१९ साली डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा. १९३६ साली तो सेंट जेम्सेस गेट या संघात खेळत होता. हा संघ म्हणजे गिनेस या मद्यनिर्मिती कारखान्याच्या कामगारांचा, जणू डब्लिनचे कॅल्टेक्स. तेथे दोन-तीन महिने खेळला नाही तोच मँचेस्टर युनायटेडने त्याला २५० पौंडांना घेतले. मध्ये महायुद्ध आले. आयर्लंड युद्धात तटस्थ असूनही कॅरी ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. युद्धानंतर त्याच्या नेतृत्वाखाली युनायटेडने १९४८ साली एफए कप आणि १९५२ साली लीगचे विजेतेपद जिंकले. १९४९ साली इंग्लंडच्या क्रीडापत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या आयर्लंडने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, २-० असे हरवले. गोल केले कॉन मार्टिन आणि पीटर फॅरेल यांनी.

एवढ्या मोठ्या खेळाडूला मिळत किती होते? इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. १९५१ साली ती आठवड्याला १४ पौंड होती. त्या वेळी एका पौंडाचे सुमारे १३ रुपये ३३ पैसे होत, म्हणजे आठवड्याला १८७ रुपयांच्या आसपास. १९५८ साली मर्यादा २० पौंड झाली आणि खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर १९६१च्या जानेवारीत ती रद्द झाली. याहून जाचक दुसरा एक नियम होता. करार संपला तरी क्लबच्या संमतीशिवाय खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नसे. क्लबने त्याला खेळवले नाही, पगार दिला नाही, तरी तो बांधलेलाच. हा नियम १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात जाऊन ढिला केला. कॅरी १९५३ साली निवृत्त झाला, तोपर्यंत या दोन्ही बेड्या शाबूत होत्या. सुदैवाने त्याला पुढे प्रशिक्षकाचे काम मिळाले, आधी ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये आणि नंतर एव्हर्टनमध्ये. (हाच ब्लॅकबर्न क्लब २०१० साली आपल्या पुण्याच्या व्यंकीज कंपनीने विकत घेतला.) सगळ्यांनाच असे काम मिळत नसे.

आयर्लंडची आणखी एक गंमत कोल्हापूरकरांनी ऐकावी. तेथील देशी खेळांच्या संघटनेने आपल्या सभासदांना फुटबॉल, रग्बी यांसारखे ‘परके’ खेळ खेळण्यास बंदी घातली होती. वर उल्लेखलेला कॉन मार्टिन हा मुळात डब्लिनकडून देशी गेलिक फुटबॉल खेळणारा. फुटबॉलकडे गेला म्हणून त्याचे प्रांतिक विजेतेपदाचे पदक अडवून ठेवले गेले. ती बंदी १९७१ साली उठली. कोल्हापुरात याच्या अगदी उलट घडले. येथे इंग्रजांचा फुटबॉल थेट कुस्तीच्या तालमींनी पोटाशी धरला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही फुटबॉल संघांची नावे ऐकून बाहेरगावचा माणूस गोंधळतो. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ भिडतात, तेव्हा लाल मातीची आणि चेंडूची सोयरीक किती जुनी आहे हे दिसते.

हौशी असल्याचा लाभ, आणि तोटा

कॅरी कितीही मोठा असला तरी तो ऑलिंपिकमध्ये खेळू शकला नसता. त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. आठवड्याला १४ पौंड घेणाऱ्या माणसाला तेथे प्रवेश नव्हता. कॅल्टेक्सच्या कचेरीत पगार घेणाऱ्या माणसाला होता. म्हणजे ज्या व्यवस्थेने नेव्हिलला फुटबॉलचा पगार नाकारला, त्याच व्यवस्थेने त्याच्यासाठी मेलबर्नचे दार उघडले.

यामुळे १९५६च्या त्या यशाचे वजन कमी होते का? प्रामाणिकपणे पाहिले तर थोडे होते. स्पर्धेत अवघे अकरा संघ होते. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. त्या देशात उठाव होऊन सोव्हिएत रणगाडे शिरले होते, आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपण न खेळता पुढे गेलो. पश्चिम युरोपचे व्यावसायिक खेळाडू तेथे नव्हते. परंतु पूर्व युरोपचे साम्यवादी देश आपले उत्तमातले उत्तम खेळाडू ‘हौशी’ म्हणूनच पाठवत, कारण कागदोपत्री तेही सैनिक, पोलीस किंवा कारखान्याचे नोकर असत. सोव्हिएत संघाच्या गोलपाशी लेव्ह याशिन उभा होता. ज्याला जगातील श्रेष्ठ गोलरक्षकांमध्ये गणले जाते, तोच. तेव्हा ती स्पर्धा लुटुपुटूची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

ऑस्ट्रेलियातही आपल्या विजयाला योगायोग म्हणणारे होते. स्पर्धा संपल्यावर १२ डिसेंबर रोजी सिडनीत दोन्ही संघांचा पुन्हा एक सामना झाला. भारताने तो ७-१ असा जिंकला. त्यानंतर योगायोगाची भाषा बोलणे कठीण झाले असावे.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी युगोस्लाव्हियाशी झाला. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा हाच संघ. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून आपण अडतीस मिनिटे दूर होतो. पुढच्या तेरा मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, आणि नंतर आपल्याच खेळाडूचा पाय लागून चौथा गोल झाला. १-४. आपल्याकडील सामने त्या काळी सहसा सत्तर मिनिटांचे असत, नव्वद मिनिटांच्या खेळाची सवय कमी होती. माझ्या मते त्या पडझडीत या गोष्टीचाही वाटा आहे, जरी प्रतिस्पर्धी वरचढ होता हे मान्य केलेच पाहिजे. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी झालेला सामना आपण ०-३ असा गमावला. चौथा क्रमांक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने आजवर मिळवलेले हे सर्वोच्च स्थान आहे.

स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल तिघांनी केले. युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचा दिमितर मिलानोव्ह आणि भारताचा नेव्हिल डिसोझा. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके पडली, एकाच्या रौप्य, दुसऱ्याच्या कांस्य. तिसरा मुंबईला परतून आपल्या कॅल्टेक्स संघाकडून खेळू लागला.

त्यानंतर

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणतात, तो पुढे आणखी काही वर्षे टिकला. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळाले. १९६३ साली रहीमसाहेब कर्करोगाने गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलचा पहिला अर्जुन मेलबर्नच्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. ते पूर्व रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्यामागून तुलसीदास बलराम आणि चुनी गोस्वामी यांना मिळाला. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. खाशाबांनाही जिवंतपणी मिळाला नव्हता. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाल्यावर सोळा-सतरा वर्षांनी तो मरणोत्तर दिला गेला. नेव्हिलच्या वाट्याला मरणोत्तरही आला नाही.

नेव्हिल डिसोझा १९८० साली, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी वारला. ज्या कंपनीसाठी तो खेळला, ती १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन केली. रोव्हर्स चषकाची स्पर्धा २००१ सालानंतर झाली नाही. मुंबईतील कंपन्यांचे संघ एकेक करून मिटले. महिंद्रा युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो संघही २०१० साली बंद करण्यात आला. २०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात नेव्हिलचे पात्र आहे. चित्रपट पाहून आलेल्या आमच्या काही तरुणांनी "फादर, हा डिसोझा खरा होता का?" असे विचारले, तेव्हाच या लेखाची निकड जाणवली.

मग त्या मातेला काय सांगायचे?

आज परिस्थिती पूर्ण पालटली आहे. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. आता खेळाडू उघडपणे व्यावसायिक आहे. त्याचा क्लबशी करार होतो, त्याला दलाल असतो, आणि वरच्या फळीतील खेळाडूला मिळणारे पैसे नेव्हिलच्या काळात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तालमींच्या शहरातून विश्वचषकाच्या मैदानावर जाता येते, याचा तो पुरावा आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू पालकांनी पाहिलीच पाहिजे. २०२५च्या जुलै महिन्यात लीगच्या हक्कांचा करार कसा व कोणाशी करायचा, या वादात इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित ठेवला गेला. काही क्लबांनी सराव थांबवला, आणि बंगळूरूच्या क्लबने तर खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन रोखल्याचे जाहीर केले. ज्यांचे करार चालू होते, तेही घरी बसले. कॅल्टेक्सच्या कारकुनाला पगार थोडा होता, पण तो महिन्याच्या महिन्याला हाती येत होता. आजच्या खेळाडूला मोठा आकडा लिहून मिळतो, आणि तो आकडा लीग चालू राहण्यावर अवलंबून असतो. नेव्हिलची नोकरी की आजचा करार, यांत डावे-उजवे करणे मला सोपे वाटत नाही. नेव्हिलच्या काळात असे करार असते तर मेलबर्नच्या चार गोलांवर त्याला कोणत्याही मोठ्या क्लबने उचलले असते, हेही खरे.

त्या बाईंना मी जे सांगितले ते येथे नोंदवतो. मुलाला खेळू द्यावे, मात्र दहावी-बारावी सोडू देऊ नये. जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवरील शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येते. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलांत खेळाडूंची भरती आजही होते. नेव्हिलच्या काळच्या कंपनी संघांचे जे काही उरले आहे, ते तेथेच. कोणी क्लबचा करार घेऊन आला तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण देणार, हंगाम झालाच नाही तर वेतनाचे काय, आणि करार मध्येच सोडता येतो की नाही. तिसऱ्या कलमासाठी ईस्टहॅमला न्यायालयात जावे लागले होते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या डिसोझानं चांगलं केलं का हो, नोकरी धरून?" मी त्यांना त्याच्या गोलांची मिनिटे सांगितली. नऊ, तेहतीस, पन्नास. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने लगेच विचारले, "आणि चौथा?" चौथा युगोस्लाव्हियाविरुद्ध, बावन्नाव्या मिनिटाला.